वचन, विस्मरण आणि ‘शेरबूरच्या छत्र्या’

एखादी कलाकृती दीर्घकाळ प्रिय का राहते, हा प्रश्न आपण सामान्यतः सौंदर्यशास्त्राच्या स्वाधीन करून मोकळे होतो. रचनेचा नेटकेपणा, शैलीची अपूर्वता, अनुभवाची विश्वात्मकता अशी उत्तरे त्यासाठी तयारच असतात. परंतु काही कलाकृतींच्या बाबतीत ही उत्तरे पुरेशी ठरत नाहीत. त्यांच्याकडे आपण पुन्हा पुन्हा वळतो ते त्यांनी एखादा न सुटलेला नैतिक प्रश्न आपल्यापाशी ठेवून दिलेला असतो म्हणून. झाक देमी या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ले पाराप्लुई द शेरबूर’, म्हणजे ‘शेरबूरच्या छत्र्या’, हा १९६४ साली प्रदर्शित झालेला चित्रपट या प्रकारातला आहे असे मला वाटते. मनापासून दिलेले वचन पाळले गेले नाही, तर ते मुळातच खोटे होते असे म्हणावे काय, हा तो प्रश्न आहे.

चित्रपटाला कान महोत्सवाचे त्या वर्षीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याचे मुख्य गीत इंग्रजी शब्द लेवून जगभर पोचले. आणि बहुधा या लोकप्रियतेमुळेच त्याच्याकडे बराच काळ एक गोड, रंगीत, काहीशी अश्रुविलासी करमणूक म्हणून पाहिले गेले. गोदार आणि रने यांच्या पिढीतल्या दिग्दर्शकाने छत्र्यांच्या दुकानातली प्रेमकथा सांगावी, तीही सगळी गाऊन सांगावी, ही गोष्ट गंभीर समीक्षेला पचणे अवघडच होते. मात्र या गोडव्याखाली जे आहे ते गोड नाही.

कथानक एखाद्या जुन्या मासिकातल्या कथेइतके साधे आहे. १९५७ चा नोव्हेंबर. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील शेरबूर या बंदराच्या गावी झेनव्हिएव्ह ही सतरा वर्षांची मुलगी विधवा आईच्या छत्र्यांच्या दुकानात असते. गॅरेजमध्ये मेकॅनिक असलेल्या गी या तरुणावर तिचे प्रेम आहे. गीला सक्तीच्या लष्करी सेवेचा हुकूम येतो आणि त्याला दोन वर्षांसाठी अल्जीरियाला जावे लागते. जाण्यापूर्वी दोघे एकमेकांना शब्द देतात. तो गेल्यावर तिला दिवस राहिल्याचे कळते. पत्रे विरळ होत जातात. दुकान करापायी कर्जात बुडालेले असताना रोलाँ कासार हा सधन जवाहिऱ्या (मराठी कानाला ओळखीचे वाटणारे हे आडनाव निव्वळ योगायोगाचे) तिला मागणी घालतो आणि पोटातल्या मुलासह तिचा स्वीकार करतो. गी १९५९ च्या मार्चमध्ये पायाला जखम घेऊन परततो, तेव्हा दुकान परक्याच्या हाती गेलेले असते. काही काळ तो भरकटतो. मग त्याची आजारी आत्या वारते आणि तिची शुश्रूषा करणाऱ्या मादलेन या शांत मुलीशी तो लग्न करतो. १९६३ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या रात्री, बर्फ पडत असताना झेनव्हिएव्हची मोटार नेमकी गीच्या पेट्रोलपंपावर येऊन थांबते. ही शेवटची भेट चार-पाच मिनिटांची आहे. देमी यांनी आपल्या तीन भागांना ‘प्रस्थान’, ‘अनुपस्थिती’ आणि ‘पुनरागमन’ या अर्थाची नावे दिली आहेत. त्यांपैकी मधला भाग हेच चित्रपटाचे खरे विषयद्रव्य आहे.

पदव्युत्तर वर्गात या चित्रपटाची चर्चा झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोष कोणाचा? विद्यार्थी प्रथम आईकडे बोट दाखवतात. मग कोणी युद्धाकडे वळते. एखादी विद्यार्थिनी जरा रागानेच विचारते, की सतरा वर्षांच्या गर्भार मुलीने वाट पाहायची म्हणजे नेमके काय करायचे? या तिन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि तिन्ही अपुरी आहेत. आई स्वार्थी आहे, पण क्रूर नाही. ती पत्रे लपवत नाही, खोटे निरोप धाडत नाही, मुलीला कोंडून ठेवत नाही. लोकप्रिय प्रेमकथेतला कोणताही दुष्टावा तिच्या वाट्याला देमी यांनी दिलेला नाही. रोलाँ तर सज्जनच आहे. झेनव्हिएव्हच्या निर्णयात दारिद्र्याची भीती आहे, आईचा आग्रह आहे, लोकलज्जा आहे. तरीही तो निर्णय तिचा आहे. खलपुरुष नसलेली प्रेमकथा ही प्रेक्षकाला गैरसोयीची असते, कारण रागाला बसायला जागाच उरत नाही.

युद्धाचे तसे नाही. ते दिसत नाही, पण सर्वत्र आहे. १९५४ ते १९६२ या काळातल्या अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात सुमारे बारा लाख फ्रेंच तरुणांना सक्तीच्या सेवेत तेथे धाडले गेले. त्याला ‘युद्ध’ म्हणण्यास फ्रेंच राज्यसंस्था १९९९ च्या कायद्यापर्यंत तयार नव्हती. सुव्यवस्था राखण्यासाठी चाललेली कारवाई असेच त्याचे अधिकृत नाव होते. गोदार यांचा याच विषयाला भिडणारा ‘छोटा सैनिक’ १९६० मध्ये तयार होऊनही १९६३ पर्यंत सेन्सॉरने अडवून धरला होता. देमी यांच्या चित्रपटात लढाईचे एकही दृश्य नाही. आहेत ती पत्रे, एक छायाचित्र आणि परतलेल्या माणसाचे लंगडणे. ज्या गोष्टीला देशानेच नाव नाकारले होते तिला पडद्यावर केवळ ‘अनुपस्थिती’ हे शीर्षक द्यावे, यात पळवाट पाहणारे समीक्षक आहेत. मला त्यात नेमकेपणा दिसतो. घरी राहिलेल्यांच्या वाट्याला युद्ध येते ते रिकाम्या टपालपेटीच्या रूपानेच. असे असले तरी युद्धावर सगळा भार टाकूनही आपला प्रश्न संपत नाही. विरह युद्धाने घडवला. पण विरहात माणसे विसरतात, हे युद्धाने घडवलेले नाही.

या विस्मरणाचे चित्रण जेथे येते तो प्रसंग संबंध चित्रपटाचा गाभा आहे. गावात कार्निव्हलची धामधूम चालू आहे, आणि झेनव्हिएव्ह आईला सांगते की गी जाऊन वर्षे लोटल्यासारखी वाटतात. त्याचा चेहरा आता आठवत नाही. त्याची आठवण काढावी तर डोळ्यांपुढे येते ते त्याचे छायाचित्र. प्रत्यक्षात तो जाऊन जेमतेम काही महिने झालेले आहेत. तिच्या सांगण्यात अपराधाची कबुली नाही, समर्थनही नाही. स्वतःच्या मनात काय घडते आहे ते पाहून ती चकित झाली आहे इतकेच.

भारतीय वाचकाला येथे शाकुंतलाची आठवण होणे स्वाभाविक आहे आणि ही तुलना वरवरची नाही. महाभारतातल्या मूळ आख्यानात दुष्यंत विसरत नाही. ओळखत असूनही तो शकुंतलेला नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका या दोन कल्पनांची योजना करून नायकाला या नीचपणातून सोडवले. विस्मरण आले ते बाहेरून, शापाच्या रूपाने. आणि स्मरण परतले तेही बाहेरून, अंगठीच्या रूपाने. कालिदासाला प्रेमिकाचे विसरणे इतके असह्य वाटले असले पाहिजे की त्यासाठी मानवी मनात जागा शोधण्याऐवजी त्याने एक कोपिष्ट ऋषी दाराशी आणून उभा केला. शेरबूरला मात्र कोणी दुर्वास येत नाही. येथे विसरणे हे मनाच्या स्वाभाविक व्यापारातच घडते. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की येथेही अभिज्ञान आहे, पण त्याचे कार्य उलटे झाले आहे. अंगठी हरवलेल्या स्मृतीला परत आणते. छायाचित्र जिवंत स्मृतीची जागा बळकावते. ज्या खुणेने आठवण टिकायची तिनेच ती हळूहळू पुसली. छायाचित्राच्या युगातल्या विरहाविषयीचे इतके मार्मिक निरीक्षण मला अन्य कोणत्या प्रेमकथेत आढळलेले नाही.

आता वचनाच्या प्रश्नाकडे वळू. माणूस कृतींचे वचन देऊ शकतो, भावनांचे नाही, असे नीत्शेने एके ठिकाणी म्हटले आहे. कारण भावना आपल्या इच्छेच्या अधीन नसतात. याच अडचणीचा अधिक सूक्ष्म विचार गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच तत्त्वज्ञाने केला. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘असणे आणि बाळगणे’ या अर्थाच्या शीर्षकाच्या आपल्या ग्रंथात तो एक साधे उदाहरण घेतो. आजारी मित्राला भेटायला गेलेला माणूस त्याची अवस्था पाहून कळवळतो आणि लवकरच पुन्हा येण्याचे वचन देतो. पुढे तो कळवळा ओसरतो. आता जावे, तर मनात नसलेली भावना असल्याचे सोंग करावे लागते. न जावे, तर शब्द मोडतो. म्हणजे एकतर आपण देताना खोटे बोललो, नाहीतर पाळताना खोटे वागणार. या पेचातून मार्सेल निष्ठेची एक सर्जनशील संकल्पना उभी करतो. त्याच्या मते निष्ठा ही जुन्या भावनेची राखण नसून समोरच्या व्यक्तीच्या अस्तित्वाला दिलेला, दर वेळी नव्याने घडवावा लागणारा प्रतिसाद असते.

मार्सेलचा हा विचार मोलाचा आहे, पण शेरबूरच्या संदर्भात त्याची एक मर्यादा उघड होते. निष्ठा नव्याने घडवायची तर समोर कोणी असावे लागते. जो समोर नाही, ज्याचा चेहरा आठवत नाही, ज्याचे पत्र येत नाही, त्याला प्रतिसाद कसा द्यायचा? मार्सेलकडे त्याचे अंतिम उत्तर धर्मश्रद्धेत आहे. अनुपस्थित व्यक्तीही कृपेच्या पातळीवर उपस्थित राहू शकते असे तो मानतो. देमी यांच्या जगात ती कृपा नाही. चर्चमध्ये लग्न लागते, मेणबत्त्या पेटतात, नाताळचे झाड सजते. पण अनुपस्थिताला उपस्थित करणारी शक्ती कोठे नाही. या जगात वचन देणारी व्यक्ती आणि पुढे ते पाळायची वेळ आलेली व्यक्ती यांच्या मधून काळ वाहतो. देणारी खोटी नव्हती. न पाळणारीही खोटी नाही. तरी शब्द मोडला आहे. या तीन विधानांपैकी एकही मागे न घेता ती एकत्र उभी करणे, ही या चित्रपटाची नैतिक कामगिरी होय.

आणि ती त्याच्या रूपबंधाखेरीज शक्य झाली नसती. मिशेल लग्राँ यांनी या चित्रपटाचा प्रत्येक शब्द स्वरबद्ध केला आहे. गद्य संवाद असा एकही नाही. मराठी रसिकाला गाणाऱ्या पात्रांचे नवल नसावे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधल्या ‘संगीत शाकुंतल’पासून आपण त्यांना ओळखतो. परंतु आपल्या संगीत नाटकात गद्य आणि पद यांची एक उतरंड असते. भावना गद्यात मावेनाशी झाली की पद सुरू होते, आणि म्हणून पद म्हणजे उत्कटतेची खूण ठरते. देमी-लग्राँ यांनी ही उतरंडच मोडली. चित्रपट उघडतो तो गॅरेजमध्ये, मोटारीच्या दुरुस्तीविषयीच्या गायलेल्या बोलण्याने. कराची थकबाकी, कपडे बदलणाऱ्या कामगारांच्या गप्पा, प्रेमाच्या आणाभाका, आत्याचे दुखणे, शेवटी पेट्रोल कोणत्या प्रतीचे हवे ही विचारणा, सगळे गाण्यातच आहे. त्यामुळे ‘मी तुझी वाट पाहीन’ हे सांगणे आणि गाडीत पेट्रोल भरणे यांत संगीताने भेद केलेला नाही. याचा अर्थ वचन क्षुल्लक ठरते असा कोणी लावला तर तो चुकेल. उलट क्षुल्लक वाटणारे सगळे जगणे वचनाच्या बरोबरीने सुरात येते. आणाभाकांना एक खास, उंच, काळाबाहेरचे स्थान असते या आपल्या समजुतीलाच येथे धक्का बसतो. शब्द दिला गेला तो रोजच्या काळात आणि विरघळला तोही रोजच्याच काळात.

निर्मितीच्या तपशिलातही याला दुजोरा मिळतो. संगीत आधी पूर्ण ध्वनिमुद्रित झाले आणि नटांनी त्या मुद्रणावर ओठ हलवत अभिनय केला. काथरीन दनव आणि नीनो कास्तेलनुओवो यांचे चेहरे आपण पाहतो; गळे आहेत दानिएल लिकारी आणि झोझे बार्तेल यांचे. कोणता शब्द किती लांबायचा, कोठे श्वास घ्यायचा, हे पात्रे जागेवर उभी राहण्यापूर्वीच ठरलेले होते. पार्श्वगायनाला सरावलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे सांगण्यासारखे वाटणार नाही कदाचित. पण येथे दोन-तीन गाणी नव्हेत, अख्खे आयुष्य उसन्या गळ्याने आणि आधी ठरलेल्या मात्रांत जगले जाते. बेर्नार एव्हँ यांच्या नेपथ्याविषयीही तसेच म्हणता येईल. भिंतीवरच्या कागदांची फुले आणि झेनव्हिएव्हच्या झग्यावरची फुले एकमेकांत मिसळून जातात, आणि जसजसा तिचा निर्णय जवळ येतो तसतशी ती त्या भिंतीचाच एक भाग होऊ लागते. गोडपणाची तक्रार करणाऱ्यांनी हे रंग नीट पाहावेत. (या रंगांचीही एक कथा आहे. ज्या फिल्मवर हा चित्रपट घेतला तिचे रंग काही वर्षांत उडून जातात. देमी यांनी तीन मूळ रंगांच्या वेगवेगळ्या कृष्णधवल प्रती करून ठेवल्या होत्या म्हणून १९९० मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर पत्नी आन्येस वार्दा यांच्या देखरेखीखाली मूळ रंग परत मिळवता आले.)

रोलाँ कासारविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण वर्गातल्या चर्चेत तो नेहमी दुर्लक्षिला जातो. देमी यांच्या ‘लोला’ (१९६१) या पहिल्या दीर्घ चित्रपटात हाच रोलाँ, याच मार्क मिशेल या नटाच्या रूपात, येऊन गेलेला आहे. तेथे नान्त शहरात तो लोलावर जीव लावतो आणि ती तिच्या पहिल्या प्रियकराबरोबर निघून जाते. वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या लोलाचा प्रियकर खरोखरच परततो! म्हणजे ‘लोला’मध्ये निष्ठेला फळ येते, आणि त्या फळाची किंमत रोलाँ मोजतो. शेरबूरला तो झेनव्हिएव्हच्या आईपुढे ही जुनी हकीकत थोडक्यात गातो, तेव्हा कॅमेरा क्षणभर नान्तमधल्या त्या निर्मनुष्य बाजारमार्गावरून फिरून येतो. ज्याला ही कथा ठाऊक आहे त्याला गीच्या जागी आलेला हा माणूस उपटसुंभ वाटत नाही. एका कथेतला हरलेला दुसऱ्या कथेत जिंकतो, आणि त्या जिंकण्यात तिसरा कोणी हरतो. प्रेमकथा एकेकटी पाहिली तर न्याय-अन्याय दिसतो; दोन प्रेमकथा शेजारी ठेवल्या की तो हिशेब अवघड होत जातो.

रसविचाराच्या परिभाषेत शेवटच्या प्रसंगाची जागा कोणती, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत आला आहे. भरताने विप्रलंभ आणि करुण यांच्यात केलेला भेद प्रसिद्ध आहे. विप्रलंभ सापेक्ष असतो, त्यात मीलनाची आशा जिवंत असते. करुण निरपेक्ष, तेथे आशा तुटलेली असते. प्रियजनाचा मृत्यू ही करुणाची ठळक सीमारेषा. पेट्रोलपंपावर मात्र दोघेही जिवंत आहेत, समोरासमोर आहेत, धडधाकट आणि सुस्थितीत आहेत. भेट झाली आहे आणि तरी मीलन नाही. आशा तुटली म्हणावी तर ती कोणी धरलेलीच दिसत नाही. प्रेक्षक मात्र रडतो. कोणासाठी? मला वाटते, दोघे एकमेकांना मुकले यापेक्षा मुकूनही दोघे नीट जगले, ही गोष्ट आपल्याला रडवते. ज्याच्यावाचून जगता येणार नाही असे आपण प्रामाणिकपणे म्हटले होते, त्याच्यावाचून आपण जगलो, जेवलो, दुकान चालवले, मुले वाढवली. या जगण्याची एक अस्फुट शरम असते, आणि तिला परंपरेने दिलेले नाव माझ्या माहितीत नाही. ‘ला ला लँड’ (२०१६) या अमेरिकी चित्रपटाने देमी यांचे ऋण उघडपणे मानले. पण त्याच्या अखेरीस नायक-नायिकेला ‘असे झाले असते तर’ या कल्पनेचा एक दीर्घ, मोहक खेळ पाहायला मिळतो. देमी यांनी ती सवलत कोणाला दिली नाही. पडद्यावर जे झाले तेच आहे.

दुसरे प्रेम हे पहिल्याची उणी नक्कल असते, हा प्रेमकथांचा आवडता ग्रह चित्रपट जवळ करत नाही. मादलेन लग्नाला होकार देण्यापूर्वी गीला विचारते की तू हे निराशेपोटी तर करत नाहीस ना. प्रश्न तिचा आहे, आणि तो विचारण्याइतका तिला आत्मसन्मान आहे. पुढे बर्फात बायको आणि मुलगा परत येताना दिसतात तेव्हा गी धावत बाहेर जातो, मुलाशी खेळतो. त्या धावण्यात नाटक नाही. त्याच वेळी लग्राँ यांचे मुख्य सूत्र पूर्ण वाद्यवृंदानिशी उसळून येते, तेच सूत्र जे पूर्वी स्टेशनवर निरोप देताना वाजले होते. चित्र सुखाचे, संगीत वियोगाचे. दोन्ही खरे.

तथापि सगळ्यांनाच अशी क्षमा वाटून चित्रपट निर्मळ होत नाही. एक गोष्ट शिल्लक राहते. झेनव्हिएव्हच्या मोटारीत एक लहान मुलगी बसलेली आहे, गीची. तिचे नाव फ्रांस्वाझ. त्याच्या आणि मादलेनच्या मुलाचे फ्रांस्वा. दोन्ही नावे त्या जुन्या दिवसांतली, पहिल्या प्रेमाने भावी अपत्यासाठी मनाशी धरलेली. दोघांनीही, एकमेकांना न कळवता, तेवढा शब्द मात्र पाळला आहे. (पडद्यावरची ही मुले म्हणजे वार्दा यांची कन्या रोझाली आणि लग्राँ यांचा मुलगा एर्व्हे.) झेनव्हिएव्ह विचारते, तिला पाहायचे आहे का. गी नकारार्थी मान हलवतो.

या नकाराचे समर्थन करता येते. मादलेन कोणत्याही क्षणी परतेल. मुलीला दुसरा बाप आहे आणि तो चांगला आहे. पाहिले तर न पाहणे पुन्हा शिकावे लागेल. हे सगळे मान्य करूनही तो नकार टोचत राहतो. आतापर्यंत चित्रपटात जे जे मोडले ते काळाने, अंतराने, विस्मरणाने मोडले होते. कोणी कोणाला समोर उभे राहून नाकारले नव्हते. येथे प्रथमच एक माणूस, सारे काही स्मरत असताना, नको म्हणतो. दुष्यंताच्या मूळ आख्यानापाशी आपण नकळत परत आलेले असतो. भरताच्या दर्शनाने मात्र तेथे सारे सावरते: आकाशवाणी होते, पित्याला पुत्र स्वीकारावा लागतो. शेरबूरच्या आकाशातून फक्त बर्फ पडतो आहे. मोठ्यांना एकमेकांना क्षमा करणे जमले, कारण दोघांनीही काही दिले होते आणि काही मोडले होते. मुलीने कोणाला काही दिले नव्हते, तिला कोणी काही दिले नव्हते. तिच्या बाबतीत विस्मरणाची सबबही चालत नाही, कारण जे कधी पाहिलेच नाही ते विसरता येत नाही. देमी यावर काही म्हणत नाहीत. पेट्रोल भरून होते, झेनव्हिएव्ह त्याला विचारते की तू बरा आहेस ना, तो म्हणतो हो, अगदी बरा. आणि मोटार निघून जाते, काचेआड ती मुलगी घेऊन.